साष्टी बेटातील नगरे व स्थानिक शासन

मुंबई बेटाच्या उत्तरेस माहीमची खाडी ओलांडल्यावर लागणारा, पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र यांनी वेढलेला भूप्रदेश म्हणजे साष्टी बेट. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी व बोरिवली ही मुंबईची पश्चिम उपनगरे, कुर्ला, घाटकोपर, भांडुप व मुलुंड ही पूर्व उपनगरे आणि ईशान्येकडील ठाणे शहर ही सर्व याच बेटावर वसलेली आहेत. पुलांमुळे व भरावामुळे त्याचे बेटपण आता नकाशावरही शोधावे लागते. ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश, यावरून साष्टी हे नाव आले, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेला हा प्रदेश १७३७ मध्ये मराठ्यांकडे, १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे व पुढे ब्रिटिश सरकारकडे आला. या प्रत्येक राजवटीने गावाचा सारा कोणी गोळा करावा, हे फार लवकर ठरविले. गावातील रस्ता, विहीर, बाजार व स्वच्छता यांचा कारभार कोणी पाहावा, हा प्रश्न मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणी गांभीर्याने विचारला नाही. आणि त्याचे उत्तर म्हणून ज्या नगरपालिका निर्माण झाल्या, त्यांपैकी बहुतेक शतकभरही टिकल्या नाहीत.

साष्टी या नावाचा दुसरा प्रदेश गोव्यात आहे व त्याचीही व्युत्पत्ती सहासष्ट वस्त्यांवरूनच सांगतात. दोन्ही साष्टी सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, सुमारे दहा वर्षांच्या अंतराने, पोर्तुगीजांच्या ताब्यात आल्या. पण त्यांचे स्थानिक शासन अगदी भिन्न वाटांनी गेले. गोव्यात गावकरी ही सामूहिक ग्रामसंस्था पूर्वीपासून होती. गावची जमीन गावकरांच्या सभेच्या मालकीची असे आणि राजाला ठराविक रक्कम दिल्यानंतर उरलेल्या उत्पन्नातून बांध, देवस्थान व गावकामगार यांचा खर्च चाले. अफोन्सु मेशीय याने १५२६ मध्ये तयार केलेल्या सनदेत या संस्थेच्या रूढींना लेखी मान्यता मिळाली आणि कोमुनिदाद या नावाने ती आजतागायत टिकली. उत्तरेकडील साष्टीत अशी मान्यता कोणत्याही ग्रामसभेस मिळाली नाही. येथे राज्यकर्त्यांची गाठ गावाशी न पडता गाव भाड्याने घेणाऱ्या धन्याशी पडली. पुढील चार शतकांच्या इतिहासातील पुष्कळशा गोष्टींचे मूळ या भेदात आहे.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मधील तहान्वये वसई व तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दमणपासून चौलपर्यंतच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज मुलखास ‘उत्तर प्रांत’ असे नाव पडले व वसई हे त्याचे मुख्य ठाणे झाले. वसईच्या तटबंदीत प्रांताच्या सेनापतीचा वाडा, न्यायालय, चर्चे व मठ यांच्याबरोबर नगरसभेची इमारतही होती. ही नगरसभा (कामारा) लिस्बनच्या धर्तीवरील होती. पोर्तुगीज साम्राज्यातील अशा सभांवर विवाहित पोर्तुगीज रहिवाशांतून वेरेआदोर म्हणजे नगरसदस्य निवडले जात. बाजारातील वजने-मापे व भाव, रस्त्यांची सफाई, तटाची डागडुजी ही कामे त्यांच्याकडे असत आणि प्रसंगी राजाकडे थेट गाऱ्हाणे नेण्याचा अधिकारही त्यांना असे. मिझेरिकोर्दिय हा दयासंघ इस्पितळ व अनाथांची तरतूद पाही. सोळाव्या शतकातील नागरी स्वशासनाची ही व्यवस्था सामान्य नव्हती; पण तिची सीमा तटबंदीपाशी संपत होती. खाडीपलीकडील साष्टी तिच्या कक्षेत नव्हती. ठाणे हे विणकरांसाठी प्रसिद्ध असलेले जुने गाव. तेसुद्धा पोर्तुगीजांच्या लेखी कसबाच राहिले.

साष्टीतील गावे ‘फोरो’ या नावाच्या वार्षिक खंडावर पोर्तुगीज सरदारांना, निवृत्त सैनिकांना व धर्मसंघांना दिली जात. हा पट्टा बहुधा एक ते तीन पिढ्यांपुरता असे व पट्टेदारावर युद्धप्रसंगी घोडा किंवा शिपाई पुरविण्याची जबाबदारी असे. सिमांव बोतेल्यु याने १५५४ मध्ये सिद्ध केलेल्या महसूल-नोंदवहीत वसई प्रांताच्या उत्पन्नाचा तपशील आहे. त्यात गाव हे प्रामुख्याने उत्पन्नाची बाब म्हणून येते. मुंबईतील ‘फोरास’ व ‘फाजिंदारी’ हे जमीनधारणेचे शब्द याच व्यवस्थेची खूण आहेत. फोरास रोड हे नाव उच्चारताना आपण पोर्तुगीज खंडाचे नाव घेतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

धर्मसंघांपैकी येशूसंघाकडे साष्टीतील मोठा वाटा आला. वांद्रे हे त्यांचे प्रमुख केंद्र होय. तेथील सेंट अँड्र्यू चर्च १५७५ च्या सुमारास बांधले गेले व सांता आना हे विद्यालयही तेथे होते. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी १६९५ मध्ये साष्टीत आला, तेव्हा बेटाचा उत्तम भाग धर्मसंघांच्या, विशेषतः येशूसंघाच्या, हाती असल्याचे त्याने नमूद केले. गावकऱ्यांची अवस्था तर गुलामांहून फारशी बरी नसल्याचे त्याचे निरीक्षण आहे. हा प्रवासी तिखट लिहिणारा होता, हे गृहीत धरले, तरी कुळांना गावात स्वतःचा असा कोणताही सार्वजनिक अधिकार नव्हता, हे त्याच्या वर्णनावरून उघड होते. जुने म्हातरे व पाटील होते, परंतु ते धन्याचा खंड वसूल करून देणारे मध्यस्थ म्हणून. सामुदायिक जीवनाची जी काही चौकट उरली ती चर्चच्या परगण्याची. चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारी समिती, सणांचा खर्च चालविणारे बंधुसंघ आणि पाखाडीपाखाडीवरील क्रूस यांतून ख्रिस्ती झालेल्या शेतकऱ्यांना व कोळ्यांना एकत्र येण्याचे निमित्त मिळे. सांताक्रूझ म्हणजे ‘पवित्र क्रूस’. या भागातील अनेक स्थळनामे व क्रूस याच परंपरेतील आहेत.

विवाहाच्या तहान्वये मुंबई बेट १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजास देण्याचे ठरले आणि बऱ्याच वादानंतर फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुक याने त्याचा ताबा घेतला. साष्टी व ठाणे ही मुंबईचीच अंगे आहेत, असा इंग्रजांचा दावा होता. पोर्तुगीजांनी तो मानला नाही आणि माहीमची खाडी ही दोन सत्तांमधील सीमा बनली. या घटनेचे महत्त्व ओळखण्यासाठी त्याच सुमारास अमेरिकेत घडलेल्या एका घटनेशी तिची तुलना करणे उपयुक्त ठरेल. हडसन नदीच्या मुखाशी डचांनी वसविलेल्या न्यू अ‍ॅम्स्टरडॅमला १६५३ मध्ये नगरशासन मिळाले होते. इंग्रजांनी ते नगर १६६४ मध्ये घेतले, त्याचे न्यूयॉर्क असे नामांतर केले आणि पुढील वर्षी डच नगराधिकाऱ्यांच्या जागी मेयर, आल्डरमन व शेरीफ नेमले. पदनामे बदलली, पण नगर ही कायद्याने मानलेली संस्था अखंड राहिली. डच नागरिकही नव्या मंडळावर बसले. मुंबईत इंग्रजांना असा वारसा मिळाला नाही. प्रांताची नगरसभा वसईला होती व ती पोर्तुगीजांकडेच राहिली. मुंबई बेटावर त्यांना भेटले ते जमिनीचे धनी. म्हणूनच गव्हर्नर जेरल्ड आँजिअर याने १६७२ मध्ये जो करार केला, तो नगराशी नव्हे, तर जमीनधारकांशी होता : त्यांनी वर्षाला २०,००० शेराफीन द्यावेत आणि त्यांच्या जमिनी निर्वेध राहाव्यात. मेयर व नऊ आल्डरमन यांचे न्यायालय मुंबईस १७२६ च्या सनदेने मिळाले. शहराचा कारभार त्यापुढेही दीर्घकाळ गव्हर्नर व त्याच्या कौन्सिलाच्याच हाती राहिला.

मराठ्यांनी मार्च १७३७ मध्ये ठाणे घेतले व मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली वसई जिंकली. त्यामुळे पोर्तुगीज धन्यांचे व येशूसंघाचे खंडाचे हक्क संपुष्टात आले. वसईस बाजीपूर असे नाव देण्यात आले. शंकराजी केशव फडके यांच्याकडे वसईची सरसुभेदारी आली. साष्टीचा कारभार ठाण्याहून चाले. सारा, जकात, मोहतर्फा ही पेशवाईतील नेहमीची व्यवस्था येथे लागू झाली व पाटलाचे महत्त्व काही अंशी परत आले. पुण्यासारखी शेटे-महाजन व कोतवाल यांची नागरी घडण मात्र साष्टीत रुजली नाही. अवघ्या सदतीस वर्षांचा हा काळ व त्यातील बराचसा इंग्रजांच्या सावटाखालचा. वसईची कामारा तर कायमची गेली. तिच्या जागी दुसरी नागरी संस्था उभी करावी, अशी गरज मराठी राज्यास वाटली नाही.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. मुंबईस धान्य, भाजी, ताडी, चुना व दगड पुरविणारे हे बेट त्यांना हवे होते. परंतु ते मुंबई शहरास जोडले गेले नाही. कलेक्टरच्या हाताखालचा मुलूख म्हणून त्याचा कारभार ठाण्याहून चालू राहिला. कंपनीने येथे जी जमीनव्यवस्था केली ती पोर्तुगीज पद्धतीचीच आवृत्ती वाटावी अशी होती. मुंबईतील धनाढ्य व्यापाऱ्यांना, विशेषतः पारशी घराण्यांना, गावेच्या गावे खोतीने किंवा इनाम देण्यात आली. पवईची जहागीर फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे होती. कुर्ला आणि त्याबरोबर मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्पे व परजापूर ही सहा गावे १८०८ मध्ये होरमसजी बमनजी वाडिया यांना मिळाली. ती मुंबईतील अपोलो बंदराच्या दरवाजाजवळील एका जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात! कोळेकल्याण म्हणजे आज सांताक्रूझच्या पूर्वेस असलेला कलिना परिसर. किल्ल्याजवळील काही जागेसाठी सात गावे देऊन टाकणाऱ्या या व्यवहारात मुंबई व साष्टी यांचे परस्परनाते जितके स्पष्ट दिसते, तितके ते कोणत्याही कायद्याच्या उद्देशिकेत दिसत नाही. खोतांपैकी काहींनी विहिरी खोदल्या, ऊस व रेशीम यांचे प्रयोग केले. तरी गावाचा सार्वजनिक खर्च करणे हे त्यांच्यावर कायद्याने बंधन नव्हते.

दळणवळणाने ही स्थिती हलविली. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शीवचा बंधारा झाला. माहीम व वांद्रे यांना जोडणारा बंधारा १८४५ मध्ये खुला झाला. त्याचा दीड लाख रुपयांहून अधिक खर्च जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी दिला. सरकारने हे काम दीर्घकाळ टाळले होते आणि पावसाळ्यात खाडी ओलांडणाऱ्या होड्या उलटत, ही पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावी लागते. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला व साष्टीचा पूर्व किनारा शहराशी जोडला गेला. पश्चिमेकडील बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा मार्ग १८६४ मध्ये मुंबईत पोहोचला. पुढे वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी ही नावे गावांइतकीच स्थानकांची म्हणून ओळखली जाऊ लागली.

शहर जवळ आले. पण ते प्रथम आले ते आपल्या गरजा घेऊन. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मुंबईस नेण्यात आले, तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा झाला. दोन्ही तलाव साष्टीच्या डोंगरांत असूनही त्यांची योजना शहरासाठी होती. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर असताना शहरातील कत्तलखाना १८६७ मध्ये वांद्र्यास हलविण्यात आला व शंभराहून अधिक वर्षे, म्हणजे १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू होईपर्यंत, तो तेथे राहिला. शहराचा कचरा पुढे आगगाडीने चेंबूरच्या पाणथळ भागात जाऊ लागला. ज्या गावांत हे सर्व घडत होते, त्यांचा प्रतिनिधी मुंबईच्या नगरशासनात असण्याचा प्रश्नच नव्हता. ती गावे ठाणे जिल्ह्यातील होती.

मुंबई इलाख्यातील मुंबईबाहेरच्या गावांसाठी पहिला महत्त्वाचा नगरपालिका कायदा १८५० चा (क्रमांक २६). रहिवाशांनी मागणी केल्यास तो लागू होई. ठाणे जिल्ह्यात कल्याण (१८५५) व ठाणे (१८६३) येथे नगरपालिका स्थापन झाल्या. १८७३ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १८७६ मध्ये, वांद्रे नगरपालिका अस्तित्वात आली. वांद्रे हे त्या वेळी एकसंध शहर नव्हते. शेर्ली, माळा, राजन, कांतवाडी, वारोडा, रणवार, बोरण, पाली, चुईम अशा पाखाड्या, त्यांच्यामधील भातखाचरे व किनाऱ्यावरील कोळीवस्त्या मिळून ते बनले होते. १८८१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १४,९८७ होती. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या ठाण्याची १४,४५६. ज्या गावाला पोर्तुगीजांनी नगरसभा दिली नाही व मराठ्यांनी पेठ केले नाही, ते आता लोकसंख्येने जिल्ह्याच्या ठिकाणाच्याही पुढे होते. १९०१ मध्ये हा आकडा २२,०७५ वर गेला.

या आरंभीच्या नगरपालिका आज ज्या अर्थाने आपण स्वशासन म्हणतो, त्या अर्थाने स्वशासित नव्हत्या. अध्यक्ष कलेक्टर असे व सदस्य बहुतांशी सरकारनियुक्त. घरपट्टी, जकात, हलालखोर पट्टी अशा किरकोळ करांवर त्यांचा कारभार चाले. त्यातून दिवाबत्ती, सफाई, रस्ते, प्राथमिक शाळा व दवाखाना एवढे भागवावे लागे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात दोन कायदे झाले. एकाने नगरपालिकांत निम्मे सदस्य निवडून येण्याची तरतूद केली, दुसऱ्याने ग्रामीण भागासाठी जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापिली. शेजारच्या मुंबईस मात्र १८८८ च्या अधिनियमाने ७२ सदस्यांची महानगरपालिका मिळाली. त्यांपैकी ३६ सदस्य प्रभागांतून करदाते निवडीत आणि कमिशनरला अंदाजपत्रकाचा हिशेब द्यावा लागे. फिरोजशहा मेहता यांच्यासारख्यांच्या भाषणांनी तेथील सभागृह गाजत असताना खाडीच्या अलीकडे कलेक्टरच्या अनुमतीने गटाराचे बांधकाम ठरत होते. एका लोकलगाडीच्या अंतरावर नागरिकत्वाच्या दोन पायऱ्या होत्या.

साष्टीच्या नागरीकरणास खरा वेग १८९६ च्या प्लेगने दिला. शहरातील ज्यांना ऐपत होती ते लोक वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी येथे मोकळ्या हवेसाठी येऊ लागले. तात्पुरत्या झोपड्यांच्या जागी बंगले उभे राहिले व भातशेतीचे भूखंड विकले जाऊ लागले. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका अधिनियमात अर्धनागरी वस्तीसाठी ‘अधिसूचित क्षेत्र’ अशी तरतूद होती. तीत सरकारने नेमलेली समिती कारभार पाही. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाचा पहिला मोठा प्रयोग याच पट्ट्यात झाला. या कायद्याचे तत्त्व सुबोध होते. वेड्यावाकड्या खाचरांची एकत्र मोजणी करून रस्ते काढायचे, प्रत्येक मालकास त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात चौकोनी भूखंड परत द्यायचा व भाव वाढल्यामुळे झालेल्या लाभातून सुधारणेचा खर्च भागवायचा. वांद्रे, खार व सांताक्रूझ येथील क्रमांकाचे रस्ते आणि पत्त्यात येणारी ‘टी. पी. एस.’ ही अक्षरे ही या योजनांची देणगी आहे. खोतीच्या व्यवस्थेने जे शंभर वर्षांत केले नाही, ते एका नकाशाने काही वर्षांत केले. मात्र भातशेती करणाऱ्या कुळास या चौकोनात स्थान नव्हते. भूखंड मिळाला तो मालकास.

जुन्या रहिवाशांनी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याचे मार्ग शोधले. साष्टीतील मराठी भाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करून आपली संघटना स्थापिली. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे व कंपनीच्या प्रदेशातील मूळचे रहिवासी आहोत, हे सरकारदरबारी नोंदविण्याचा तो प्रयत्न होता. वांद्र्यात १९१८ मध्ये साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. विलेपार्ल्यात नव्याने स्थायिक झालेल्या मराठी मध्यमवर्गाने १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय व १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. ग्रंथालय, व्याख्याने व व्यायाम यांबरोबर उपनगराच्या नागरी अडचणींची चर्चाही अशा संस्थांत होई. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला छावणी पडली ती या पार्श्वभूमीवर. नगरपालिकांच्या कागदपत्रांतून जेवढे नगर दिसते, तेवढेच ते नव्हते, याची या संस्था साक्ष देतात.

१ ऑक्टोबर १९२० रोजी दक्षिण साष्टी ठाणे जिल्ह्यातून वेगळी करून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला व वांद्रे त्याचे मुख्य ठिकाण झाले. या छोट्या जिल्ह्यात वांद्रे, कुर्ला, पार्ले–अंधेरी व घाटकोपर–किरोळ या नगरपालिका शेजारीशेजारी नांदत होत्या आणि त्यांच्यामधील मोकळ्या जागा लोकल बोर्डाकडे होत्या. प्रत्येकीची हद्द गावाची, पण गटाराचा, पाण्याचा व गाडीच्या प्रवाशांचा प्रश्न सर्वांना समान. लहान नगरपालिकेस मलनिःसारणाचे काम उत्पन्नाबाहेरचे होते आणि पाण्याच्या मोठ्या योजनेवर तिचे नियंत्रण नव्हते. यावर दोनच उपाय संभवत होते : नगरपालिकांचा संघ किंवा मुंबईत विलीनीकरण. पहिल्याचा विचार पुरेशा निश्चयाने झाला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९४५ मध्ये बृहन्मुंबईची हद्द कायद्याने निश्चित झाली. ना. वि. मोडक व अल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये सादर केलेल्या आराखड्यात उपनगरांचा विचार शहराच्या विस्ताराची भूमी म्हणूनच करण्यात आला.

१५ एप्रिल १९५० रोजी पश्चिमेस अंधेरी–जोगेश्वरीपर्यंतचा व पूर्वेस भांडुपपर्यंतचा प्रदेश मुंबई महानगरपालिकेत समाविष्ट झाला. १ फेब्रुवारी १९५७ पासून तिची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. सु. ६८ चौ. किमी. चे शहर सात वर्षांत ४०० चौ. किमी. हून अधिक क्षेत्राचे झाले. वांद्रे नगरपालिका चौऱ्याहत्तर वर्षांनी संपली. विलीनीकरणाचे लाभ निर्विवाद होते. मुंबईत १९४८ पासून प्रौढ मताधिकाराने निवडणुका होत होत्या; तो अधिकार आणि महानगरपालिकेची आर्थिक शक्ती उपनगरांना प्रथमच मिळाली. विहारच्या पाण्याविषयी प्रश्न विचारू शकणारा साष्टीचा प्रतिनिधी सभागृहात बसला, तोही याच वेळी. हानीही झाली. पाखाड्यांतील माणसांना नावाने ओळखणारा, चालत जाऊन गाठता येणारा कारभार नाहीसा झाला. त्याच्या जागी ‘एच’ व ‘के’ अशी अक्षरे धारण करणारे प्रभाग आले. वांद्रे, खार व सांताक्रूझ मिळून एच प्रभाग झाला व पुढे त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले. विभागणीची रेषा लोहमार्गाची होती. सांताक्रूझ हे एका नावाचे गाव त्यामुळे दोन कचेऱ्यांत वाटले गेले.

या घटनाक्रमातील एक तपशील बोलका आहे. कंपनीने खोतांना व इनामदारांना दिलेल्या गावांवरील साऱ्याची सूट रद्द करणारा ‘साष्टी इस्टेट्स’ अधिनियम १९५१ मध्ये झाला. म्हणजे साष्टीतील नगरपालिका नाहीशा होऊ लागल्या, तेव्हाही १८०८ च्या जातीच्या सवलती कायद्याच्या पुस्तकात जिवंत होत्या.

पुढील काळात साष्टीच्या जमिनीवर महानगरपालिकेखेरीज अन्य प्राधिकरणांचाही अंमल आला. दुसऱ्या महायुद्धकाळात सांताक्रूझच्या पूर्वेस लष्करी धावपट्टी झाली आणि १९४८ मध्ये जुहूची नागरी वाहतूक तेथे आली. नगर व विमानतळ यांच्यामधील कुंपण तेव्हापासून स्थानिक शासनाचीही सीमा ठरले. कलिन्यात मुंबई विद्यापीठाचा विस्तृत परिसर उभा राहिला. मिठी नदीकाठच्या दलदलीत वांद्रे–कुर्ला संकुल उभारण्यासाठी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या प्रदेश विकास प्राधिकरणाकडे १९७७ मध्ये विशेष नियोजनाचे अधिकार देण्यात आले. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला, पण तो महसुली जिल्हा म्हणून. नगरशासन एकाच महानगरपालिकेचे राहिले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर (१९९२) प्रभाग समित्या आल्या. २०२२ च्या मार्चमध्ये सदस्यांची मुदत संपल्यावर महानगरपालिकेचा कारभार काही वर्षे प्रशासकाकडे होता. कलेक्टर अध्यक्ष असलेली १८७६ ची वांद्रे नगरपालिका अभ्यासकास या संदर्भात आठवली, तर नवल नाही.

कलिना हे नाव बोलण्यात रूढ झाले असले, तरी भूमापनाच्या दप्तरात या परिसराची नोंद ‘मौजे कोळेकल्याण’ अशीच होते. विमानतळालगतच्या, विद्यापीठाच्या आणि वांद्रे–कुर्ला संकुलातील अनेक मिळकतींच्या पत्रिकांवर तेच गावनाव आहे. वाडियांच्या सात गावांपैकी एक असलेले हे गाव महसुलाच्या कागदावर अद्याप नांदते. त्याची स्वतःची गावसभा मात्र कोणत्याच राजवटीच्या दप्तरात सापडत नाही.